रात्री न जेवणारा पाहुणा

आपला कोणाला त्रास नाही, याचा फोरमनला फार अभिमान होता. लग्नाला गेला तर स्वतःची चादर बरोबर नेणार. कोणाच्या आजारपणात बघायला निघाला तर घरून चहा पिऊन निघणार. आणि स्वतः आजारी पडला तर बरा झाल्यावर सांगणार. बायको होती तोवर ती त्याच्या या गुणाला हसायची. देवाला खरं तर छत्री करायची होती, चुकून तुमचा माणूस झाला, कोपऱ्यात उभं केलं की झालं, असं ती चारचौघांत म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून फोरमन दोन खोल्यांत एकटा राहत होता, आणि आपला हात जगन्नाथ म्हणत सगळं एकट्याने निभावत होता.

पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात तो इतकी वर्षं फोरमन होता की त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवायचं. निवृत्ती जवळ आली असताना मालकाने परदेशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं पुठ्ठा कापायचं यंत्र विकत घेतलं. ते तिथे जाऊन सुटं करायचं, खुणा करून पेट्यांत भरायचं आणि परत येऊन जसंच्या तसं उभं करायचं, हे काम साहजिकच फोरमनकडे आलं.

निघायच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ भेटायला आला. तो नवं घर घेत होता आणि त्याचं घोडं एका खोलीवर अडलं होतं. फोरमन निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे राहायला येणार असेल तर एक खोली जास्तीची घ्यायची, नसेल तर नाही. बिल्डर फार थांबायला तयार नव्हता, तेव्हा तिकडून परत येईपर्यंत काय ते सांग, असं धाकटा म्हणाला. फोरमन म्हणाला, बघू. फोरमनचं बघू म्हणजे नाही, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. तो जिना उतरून गेला, पुन्हा वर आला आणि दारातूनच म्हणाला, "नीट विचार करून सांग." मग गेला.

फोरमनने विचार करायचा प्रश्नच नव्हता. भाऊ झाला म्हणून काय झालं, त्याचा संसार आहे, भावजयीला आपलं करावं लागणार, म्हातारपणी खोकला-पडसं, पथ्यपाणी. नकोच ते. नाही कसं म्हणायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

परदेशात त्याची मावसबहीण होती. घरातलं तिचं नाव बेबी. पन्नाशी उलटली, डोळ्यांवर चष्मा आला, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली, तरी ती बेबीच राहिली. कारखान्याने फोरमनसाठी लॉज ठरवला होता आणि त्याने बेबीला नुसतं एक दिवस भेटून जाईन एवढंच कळवलं होतं. पण विमानतळावर ती नवऱ्याला घेऊन उभी होती. लॉजचं नाव ऐकल्यावर तिने काही वाद घातला नाही. तिने त्याच्या हातातली बॅग काढून घेतली, नवऱ्याच्या हातात दिली, आणि नवरा ती घेऊन चालायला लागला. आपली बॅग पुढे चालली आहे म्हटल्यावर माणूस किती वेळ मागे उभा राहणार?

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, तिच्यात रात्री पसरता येणारा सोफा, आत दोन खोल्या आणि लांबट स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेलं टेबल आणि चार निळ्या खुर्च्या. पाचवी खुर्ची तपकिरी, ती बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कोट टाकलेले असत. माणसंही मोजकीच. बेबी कपडे उसवून मापात बसवून देण्याच्या दुकानात काम करायची. तिचे यजमान, म्हणजे फोरमनचे मेहुणे, शहरातली बस चालवायचे. भाची दिवसभर हॉस्पिटलात. आणि बेबीची सासू, जिला सगळे आजी म्हणत. आजी दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावर लक्ष ठेवायची, आणि रस्त्यावर काही घडत नसलं की घरावर.

पहिल्या संध्याकाळी बेबी कामावरून आली ती तशीच ओट्याशी उभी राहिली. पायातले मोजेही तिने काढले नव्हते. फोरमनने ते पाहिलं आणि त्याच्यातला अभिमान जागा झाला. त्याने घसा खाकरून जाहीर केलं की आपण रात्री जेवत नाही. कित्येक वर्षांची सवय आहे, दुपारी पोटभर जेवतो आणि रात्री फक्त कपभर दूध. पोटाला हलकं वाटतं.

बेबीचा हात भाजीवर तसाच थांबला. "रात्री अजिबात नाही?" तिने विचारलं. अजिबात नाही, असं फोरमन म्हणाला. विमानात मिळालेलं जेवण अजून पोटात होतं, त्यामुळे हे बोलणं त्या दिवशी सोपं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातलं काम सुरू झालं. ते काम फोरमनच्या आवडीचं होतं. यंत्र सुटं करणं कोणालाही येतं, ते परत जुळेल असं सुटं करायला डोकं लागतं. दोन भाग जिथे जुळतात तिथे त्या जोडावर रंगाची एक आडवी रेघ मारायची, म्हणजे पुढे रेघेला रेघ जुळली की झालं. बोल्ट काढला की पिशवीत टाकायचा नाही, त्याच्याच भोकात सैल पिळून ठेवायचा. रोलरला ग्रीस फासून वर मेणकागद गुंडाळायचा, नाहीतर जहाजातून येताना समुद्राच्या हवेत गंज चढतो. मदतीला दिलेल्या तिथल्या दोन कामगारांची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची त्यांना, पण पान्ह्याचा आकडा बोटांनी दाखवता येतो. दुपारी कँटीनमध्ये तो खरोखरच पोटभर जेवायचा. पण दिवसभर लोखंड उचलल्यावर ते जेवण संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे जायचं.

घरी यावं तर दूध. पहिल्या दिवशी त्याला एकट्याला दूध मिळालं. दुसऱ्या दिवशी बघतो तो मेहुण्यांच्या हातातही कप. तिसऱ्या दिवशी आजी, बेबी आणि भाची, सगळ्यांच्या हातात कप. सगळे बाहेरच्या खोलीत बसून दूध पीत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. हीही माणसं रात्री जेवत नाहीत तर, असं फोरमनला वाटलं. किती शिस्तीचं घर, आणि आपण इथे कोणाला अडचण झालो नाही, या समाधानात त्याने पाय पसरले. पोटात मात्र कावळे ओरडत होते.

तशा काही गोष्टी त्याला खटकत होत्या. बेबी ओट्याशी पाठमोरी उभी असायची तेव्हा तिचे गाल हलायचे. आजीच्या खोलीतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा आणि मग बराच वेळ शेंगदाणे चावल्याचा. भाची हल्ली हॉस्पिटलातून उशिरा यायला लागली होती आणि आली की मला काही नको म्हणायची. पण चोराच्या मनात चांदणं. फोरमनच्या स्वतःच्या बॅगेत बिस्किटांचा पुडा होता आणि तो पांघरुणाखाली, चुरा सांडणार नाही असा, एकेक बिस्कीट तोंडात विरघळवून खात होता. दुसऱ्याचे गाल मोजायला त्याला तोंड कुठे होतं?

पुडा संपला. मग त्याने शतपावलीला जायचं काढलं. जेवणाशिवाय शतपावली, हे त्याचं त्यालाच हसू येण्यासारखं होतं, पण घरात कोणी हसलं नाही. उलट मोकळी हवा चांगली असते, सावकाश या, असं सगळ्यांनी जरा जास्तच उत्साहाने सांगितलं.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक चिंचोळं दुकान होतं. काचेतून वाफ दिसत होती आणि लोक वाकून खात होते. फोरमन आत शिरला, बोटांनी दाखवून सूप, पाव आणि दोन अंडी मागितली आणि ताट घेऊन मागच्या टेबलाकडे वळला. तिथे बसचालकाच्या गणवेशातला एक माणूस खाली मान घालून जेवत होता. त्याने पाव सुपात बुडवला, तोंडाकडे नेला आणि वर पाहिलं. ते मेहुणे होते.

सुपात बुडवलेला पाव तुटून खाली पडला.

"दादा," मेहुणे शेवटी म्हणाले, "तुम्ही तर रात्री जेवत नाही."

"तुम्हीही नाही," फोरमन म्हणाला.

"मी रोज जेवतो हो. जन्मापासून जेवतो. तुम्ही जेवत नाही म्हणून माझं बंद झालंय."

मग सगळं बाहेर आलं. आजीचा नियम असा की पाहुणा उपाशी आणि आपण तुपाशी, हे या घरात होणार नाही. पाहुण्याने ताट घेतलं नाही तर घरात ताट मांडायचं नाही. हा नियम तिच्या सासूपासून चालत आलेला. आजवर त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण आजवर न जेवणारा पाहुणाच कोणाला भेटला नव्हता. पहिल्या रात्री बेबीने केलेली भाजी फोरमन झोपल्यावर तशीच झाकून ठेवली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी आपापली सोय केली. मेहुणे इथे, भाची हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, आजी डब्यापाशी, बेबी ओट्याशी उभ्या उभ्या. पाहुण्याला कळू द्यायचं नाही, त्याला अवघड वाटेल, अशी सगळ्यांना ताकीद होती.

हे सांगता सांगता मेहुण्यांना हसू आवरेना. टेबलावर डोकं टेकून ते हसले. फोरमनला हसू आलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण त्याच्या भिडेने एक अख्खं घर भिकेला लावलं होतं. त्याने मेहुण्यांना विनवलं की हे घरी सांगू नका, मी उद्यापासून हळूहळू जेवायला लागतो, हवा बदलल्याने भूक लागते असं म्हणतो. मेहुणे म्हणाले की ते जमणार नाही. त्यांनी ताट तसंच अर्धं सोडलं, फोरमनलाही सोडायला लावलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरापर्यंत आणलं. खांद्यावरचा तो हात प्रेमाचा होता, पण घट्टही होता.

घरी बेबी ओट्याशी उभी होती आणि गाल हलत होते. मेहुण्यांनी दारातूनच सांगून टाकलं की दादा जेवतात, दादा रोज रात्री जेवतात, आत्ता मी त्यांना दोन अंड्यांसकट पकडलं आहे. आजी खोलीतून बाहेर आली. भाची नुकतीच आली होती, ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली. फोरमनला वाटलं आता सगळे हसतील आणि विषय संपेल. आजी हसलीही. बेबी हसली नाही. तिने तोंडातला घास गिळला, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला वाटलं, तू मला त्रास दिला नाहीस," ती म्हणाली. "मी दिवसभर परक्या लोकांचे कपडे उसवते, दादा. हे दिवसभर परक्या लोकांना इकडून तिकडे नेतात. पोरगी आजाऱ्यांत असते. आई दिवसभर एकट्या बसतात. आम्ही सगळे एकमेकांना भेटतो कधी, तर रात्री या टेबलावर. तेवढंच आहे आमच्याकडे. त्यात तुलाही बसवायचं म्हणून मी खालच्या मजल्यावरून खुर्ची मागून आणली. तिच्यावर आता कोट टाकतोय आम्ही."

फोरमनने कोपऱ्यातल्या तपकिरी खुर्चीकडे पाहिलं. पुष्कळ काही बोलावंसं वाटत होतं, पण मनात खरं असं एकच वाक्य होतं.

"भूक लागत होती गं," तो म्हणाला. "रोज लागत होती. मागायची लाज वाटली."

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने चष्मा काढला, फ्रॉकातली असताना पुसायची तसे हाताच्या पाठीने डोळे पुसले, आणि चष्मा परत लावून गॅस पेटवला. आजीने लसणाचा गड्डा फोरमनच्या हातात ठेवला. "लाज वाटते ना? मग नुसता उभा राहू नकोस, लसूण सोल," ती म्हणाली. भाचीने कोट उचलून सोफ्यावर फेकले आणि खुर्ची आत आणली. चार निळ्या खुर्च्यांमध्ये ती तपकिरी खुर्ची बसवायला टेबल भिंतीपासून ओढावं लागलं, आणि मग ओट्याशी जायला वाट उरली नाही. त्यामुळे भांडी हातोहात पलीकडे पोचवावी लागली. अडचण झाली. ती त्या दिवसापासून रोज होत राहिली, आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते फोरमनला कळलं नाही. दिवसा तो रेघा मारायचा, पेट्या भरायचा, आणि पाच वाजले की त्याचे पाय घराकडे ओढ घ्यायचे. ही ओढ तो विसरून गेला होता. तसं त्या टेबलावर विशेष काही घडायचं नाही. भात, भाजी, कधी अंडी. मीठ कमी पडलं म्हणून मेहुणे तोंड वाकडं करायचे आणि आजी म्हणायची की याला लहानपणापासून मीठच पुरत नाही, म्हणून हा एवढा खारट झाला आहे. मेहुणे दिवसभरातल्या प्रवाशांच्या नकला करायचे. भाची हॉस्पिटलातल्या गोष्टी सांगायला लागली की बेबी म्हणायची, जेवताना नको, आणि मग स्वतःच विचारायची, पण वाचला का तो? एके दिवशी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. फोरमन घास हातात धरून बसला, आपण उठून जावं का असा विचार करत. दोघींनी भांडता भांडताच त्याला भाजी वाढली, एकीने वाढली ते दुसरीला दिसलं नाही म्हणून दुसरीनेही वाढली. दोन वाढणी खाता खाता त्याचा जीव भरून आला. पाहुण्यासमोर कोणी असं भांडत नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याला घरातला धरला होता, आणि त्यासाठी त्याला काहीच करावं लागलं नव्हतं, नुसतं बसावं लागलं होतं. देवाचे आभार मानावेत तर देवाला पुढे काय सांगावं ते सुचेना. तो मुकाट्याने भाजी संपवत राहिला.

एकदा भांडी विसळताना बेबीने विचारलं की धाकट्याच्या घराचं काय झालं. फोरमनने विचारलं, तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, त्यानेच, आणि हेही सांगितलं की तू बघू म्हणालास. फोरमन पुसलेलं ताट पुन्हा पुसत राहिला.

कारण खरी गोष्ट अशी होती की रात्री न जेवण्याची थाप परदेशात जन्मलेली नव्हती. ती चांगली मुरलेली थाप होती. दर रविवारी संध्याकाळी तो धाकट्याकडे जायचा, गप्पा मारायचा, आणि आतून फोडणीचा वास आला की, मी काही रात्री जेवत नाही, येतो, असं म्हणून उठायचा. बायको गेल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता. धाकट्यानेही कधी आग्रह केला नाही. कोपऱ्यावर एक हॉटेल होतं, तिथे फोरमन भात खायचा आणि मग घरी जायचा. जो भाऊ साधा थांब म्हणत नाही, त्याच्या घरी जन्माचं काय राहायचं, असाही एक बारीक काटा त्याच्या मनात होता. तो त्याने कोणाला दाखवला नव्हता.

शेवटच्या पेटीला खिळे ठोकून झाले. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फोरमनने धाकट्याला फोन लावला. फोन भावजयीने उचलला. धाकटा बाजारात गेला होता. नंतर करतो म्हणून त्याने फोन ठेवलाही असता, पण स्वयंपाकघरातून आजी बघत होती.

त्याने भावजयीला तब्येत विचारली, हवा विचारली. मग म्हणाला, "एक सांगायचं होतं. मी रात्री जेवतो."



"ठाऊक आहे, भाऊजी," भावजय म्हणाली.

फोरमनला वाटलं बेबीनेच कळवलं असणार. पण भावजय पुढे बोलत होती. "तुम्ही आमच्याकडून उठलात की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. तुम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरलात की मगच आत येऊन पानावर बसतात. म्हणतात, गेला आत, आता जेवेल. पहिल्या रविवारपासून असंच चाललंय."

"मग मला थांब म्हणायचं नाही का?" फोरमनचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"मी म्हणत होते त्यांना. पण ते म्हणायचे, पकडलं तर लाजेल, आणि मग रविवारचा यायचाही बंद होईल. एवढा तरी येतोय ना, येऊ दे."

फोरमन सोफ्यावर बसला. इतक्या वर्षांचे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येक रविवारी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभा असलेला भाऊ. आत अन्न निवत असेल. एकदाही मागे वळून पाहिलं नाही आपण. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. फोनमधून ऐकू जात असेल तर जाऊ दे, असं त्याला वाटलं.

भावजय थांबली. मग हळूच म्हणाली, "बिल्डरचा माणूस उद्या येतोय. खोलीचं काय सांगू यांना?"

"घ्या म्हणावं," फोरमन म्हणाला. "माझा त्रास होईल तुम्हाला. पण घ्या."

"होऊ दे," ती म्हणाली. "बाकी काही?"

फोरमनने नाक पुसलं. बाकी काही नाही, हे त्याचं नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते त्याने बाजूला सारलं.

"स्वयंपाकघराला लागून असलेली मिळते का, बघा," तो म्हणाला.